‘कशावरून?’ विचारणाऱ्या बाई

“कशावरून?”

हे विचारताना बाई डावा हात कमरेवर ठेवत आणि उजव्या हातातला खडू समोरच्याच्या नाकावर रोखत. समोर चौथीतलं पोर असो, भाजीवाली असो की एसटीचा कंडक्टर. खडू नसला तर छत्रीची मूठ चालायची. “भेंडी कवळी हाय बाई.” “कशावरून?” की भाजीवाली बिचारी भेंडीचं टोक मोडून दाखवायची. “गाडीत जागा नाही, मागची धरा.” “कशावरून?” असं म्हणत बाई पायरीवर चढून आत डोकावायच्या आणि खरोखरच जागा नसली तर मुकाट्याने खाली उतरायच्या. मला त्यांचं ते उतरणं फार आवडायचं. खात्री पटली की माघार घ्यायला त्यांना कमीपणा वाटत नसे. आमच्या शिक्षणखात्यात अशी माणसं मी फारशी पाहिली नाहीत.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. पुणे-नाशिक रस्त्यावर इंद्रायणीचा पूल ओलांडला की चाकणच्या अलीकडे एक गाव लागतं. त्याचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की बाकीची गावं हुश्श करतात, आणि मला कुणालाही हुश्श करू द्यायचं नाही. तिथल्या प्राथमिक शाळेत त्या चौथीला शिकवत आणि मी दुसरीला. मुलं त्यांना ‘बाई’ म्हणत आणि मला ‘धाकट्या बाई’. आम्ही दोघी भोसरीच्या नाक्यावर एसटी पकडायचो. गावातले निम्मे बापे तेव्हा भोसरी-पिंपरीच्या कंपन्यांत लागले होते आणि उलट दिशेने सायकली हाणत जायचे.

बाई तापट होत्या, ते झाकण्यात अर्थ नाही. पण त्या ओरडत नसत. राग आला की त्या समोरच्याला ‘आपण’ म्हणू लागत. “काय हो गणपतराव, आपण आज शाळेत कशासाठी आलात?” असं मऊ आवाजात आलं की गणपतच्या हातातली पाटी खाली पडायची. एरवीच्या ‘अरे गाढवा’ला पोरं हसायची. ‘आपण’ ऐकलं की वर्ग चिडीचूप व्हायचा.

त्यांची विज्ञानाची तोंडी परीक्षा बघण्यासारखी असे. इतरांच्या वर्गात गुरुजींनी प्रश्न विचारायचा, पोराने पुस्तकातलं वाक्य म्हणायचं आणि गुण पडायचे, असा सरळ मामला होता. बाईंकडे वाक्य म्हटलं की खरी परीक्षा सुरू व्हायची. “हवा जागा व्यापते.” “कशावरून?” मग त्या पोराने बादलीत पेला पालथा दाबून, आत पाणी शिरत नाही हे दाखवायचं. नुसतं वाक्य म्हणणाऱ्याला अर्धे गुण. उत्तर चुकलं पण कारण देता आलं, तरी अर्धे गुण.

एकदा सजीव-निर्जीवावर परीक्षा चालली होती. एका पोराने कंपनी सजीव असते असं ठणकावून सांगितलं.

“कशावरून?”

“कोळसा खाती, धूर सोडती, भोंगा झाला की वरडती.”

“पिल्लं घालते का?”

“घातली की बाई. रस्त्याच्या पल्याड नवी शेड बांधलीया.”

बाई तोंडाला पदर लावून हसल्या आणि त्याला अर्धे गुण दिले. मला नंतर म्हणाल्या, “पुस्तकाप्रमाणे चूक आहे गं. पण त्याने निदान बघितलंय.”

आता रांजणाकडे येते. इथून पुढे माझं डोकं फिरतं, ते आजही.

शाळेच्या ओसरीवर पाण्याचा रांजण होता. त्याच्या झाकणावर लांब दांड्याचं ओगराळं आणि एक पितळी पेला. मधली सुट्टी झाली की गावातली मुलं ओगराळ्याने पाणी काढायची आणि पेल्याने प्यायची. बौद्ध वस्तीतली मुलं पायरीखाली ओंजळ धरून उभी राहायची, आणि वरून कुणीतरी ओगराळ्याने पाणी सोडायचं. त्यातलं निम्मं कोपरांवरून फ्रॉकमध्ये जायचं. बाईंच्या वर्गातली सुजाता रोज अशी प्यायची. बाईंनी ‘कशावरून?’ विचारायच्या आत कारण सांगणारी एकटी तीच होती. मधल्या सुट्टीनंतर ती ओल्या फ्रॉकने वर्गात येऊन बसायची.

बाईंनी मुख्याध्यापकांकडे विषय काढला. ते सज्जन गृहस्थ होते, म्हणजे कुणाच्याच अध्यातमध्यात नसत.

“आपल्या शाळेत भेदभाव अजिबात नाही बाई,” ते म्हणाले. “मी कुणाला सांगितलेलं नाही. पोरं आपली आपणच तिथं उभी राहतात.”

“कशावरून?”

“म्हणजे?”

“आपली आपण उभी राहतात, हे कशावरून? सुजाताच्या हातात कधी ओगराळं देऊन बघितलंत?”

मुख्याध्यापकांनी चष्मा पुसायला काढला. तो बराच वेळ पुसला.

त्या संध्याकाळी एसटीत बाई मला म्हणाल्या, “सुजाताने स्वतःच्या हाताने त्या रांजणातलं पाणी घेतलं, की मी म्हणेन मी या शाळेत विज्ञान शिकवलं. तोवर नाही.” मी म्हटलं, उद्यापासून तसा नियमच करा की. त्यावर त्या म्हणाल्या, “नियम केला तर माझ्या बदलीबरोबर जाईल. पोरांना कळलं पाहिजे.”

पुढच्याच महिन्यात तपासणीचे साहेब आले. चौथीची विज्ञानाची परीक्षा त्यांनी स्वतः घेतली. त्यांनी शालनला उभं केलं. शालन गावातल्या बागायतदार घराण्यातली मुलगी, वर्गात सुजाताच्या शेजारी एकाच बस्करावर बसणारी. दोघी चिंचा वाटून खायच्या, पेन्सिली बदलायच्या. दोघींचे वडील पिंपरीच्या एकाच कारखान्यात, एकाच शिफ्टला होते.

साहेबांनी विचारलं, “पाणी कशाने दूषित होतं?”

शालनला ‘दूषित’ शब्द अडला. साहेब मायाळू होते. पोरीला सोपं करून सांगावं म्हणून ते म्हणाले, “अगं, दूषित म्हणजे खराब. बाटतं गं, पाणी बाटतं कशानं?”

शालनचा चेहरा उजळला. हे तिला येत होतं. तिने शेजारी बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “हिनं शिवल्यावर.”

मी दारात उभी होते. सुजाताने मान खाली घातली नाही. ती शालनकडे बघत राहिली. साहेब मात्र खोकले, हसले आणि म्हणाले, “नाही नाही, जंतूंनी. जंतूंनी बरं का.” वर्गाने एका सुरात ‘जंतूंनी’ म्हटलं. साहेबांचं समाधान झालं आणि ते मुख्याध्यापकांना ‘चौथीला उत्तम शेरा’ असं सांगून उठायला लागले.

“साहेब, माझा वर्ग नापास करा,” बाई म्हणाल्या.

साहेब परत बसले. “अहो, एका मुलीचं उत्तर चुकलं बाई.”

“चुकलं नाही. आपण जे विचारलंत त्याचं तिने बरोबर उत्तर दिलं. कशावरून म्हणाल तर ओसरीवरच्या रांजणावरून. आपण मघाशी तिथूनच आलात.”

बाईंनी साहेबांना ‘आपण’ म्हटलं तेव्हा मुलांना समजलं, साहेबांना समजलं नाही. वरिष्ठाला सगळेच आपण म्हणतात. साहेबांनी शेरा ‘उत्तम’च दिला, चहा घेतला आणि ते गेले. माणसाला इतक्या मायाळूपणे काहीच न बघणं जमतं, याचा मला अजून संताप येतो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी परीक्षा पुन्हा घेतली. टेबलावर दोन सारखे पेले भरून ठेवले आणि सगळा वर्ग बाहेर काढला. आत एकटी सुजाता. तिने एका पेल्यात बोटं बुडवायची, दुसऱ्याला हातही लावायचा नाही. मग ती पण बाहेर. त्यानंतर एकेकाने आत यायचं आणि कुठलं पाणी बाटलं ते ओळखायचं.

एकेक पोर आलं. वाकून बघितलं, वास घेतला, पेला खिडकीच्या उजेडात धरला. कुणी डावा म्हणालं, कुणी उजवा. “कशावरून?” असं विचारलं की डोकं खाजवायचं. गणपत म्हणाला, “मला ह्येच वाटतंय बाई, पन कशावरून ते इचारू नका.” त्याला बाईंनी शून्य दिलं.

शालनची पाळी आली तेव्हा तिने सगळ्यांपेक्षा जास्त वेळ घेतला. अपमान तिलाही कळला होता. कुणाचा कुणी केला, एवढंच धड उलगडलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, “बाई, नुसतं बघून न्हाई कळत. पिऊन बघू?”

“तुझं तू ठरव.”

शालनने डावा पेला अर्धा प्यायला. मग उजवा अर्धा प्यायला. ओठ पुसून उभी राहिली.

“न्हाई कळत बाई.”

“मग उत्तर काय?”

“बाटत न्हाई.”

“कशावरून?”

“बाटलं असतं तर कळलं असतं.”

मुख्याध्यापक दारात येऊन उभे होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच वाद घालताना ऐकलं. “बाई, जंतूही दिसत नाहीत. चवीला लागत नाहीत. मग ते नसतात का?”

मला वाटलं बाई चिडतील. त्या खूश झाल्या. “हा खरा प्रश्न,” त्या म्हणाल्या. “जंतूंनी पोट बिघडतं. शालनचं पोट उद्या बिघडलं तर मी माझं म्हणणं मागे घेईन. सगळ्या वर्गासमोर.”

आणि दुसऱ्या दिवशी शालन शाळेत आली नाही.

प्रार्थना संपायच्या आत बातमी आली होती. शालनला वांत्या होतायत, पोरगी आडवी झालीय, बाईंनी महाराचं पाणी पाजलं. हो, हाच शब्द. धर्म बदलून वर्षं झाली होती, गावाच्या जिभेवर शब्द तोच होता. मुख्याध्यापकांच्या चष्म्याच्या काचा समाधानाने चमकत होत्या. बाई म्हणाल्या, “चल, बघून येऊ. मी शब्द दिलाय.” मला दिसत होतं, त्या माघार घ्यायची तयारी करून निघाल्या होत्या.

शालन ओट्यावर घोंगडीवर पडली होती, पिवळी पडलेली. वडील कंपनीचा खाकी ड्रेस चढवून सेकंड शिफ्टला निघायच्या बेतात होते. आई दारातून हलली नाही.

“काय झालं हिला?” बाईंनी विचारलं.

“काय व्हायचं? तुमचं पानी बाधलं.”

“उलट्या कधी सुरू झाल्या?”

आई काही बोलायच्या आत शालन उठून बसली. “गोमूत्र पाजल्यावर, बाई.”

“गप ग.”

“व्हय बाई. घरी आले, भाकर खाल्ली, लंगडी खेळले, काई न्हाई झालं. मग आईला सांगितलं पानी पिले म्हनून. मग आईनं वाटीभर गोमूत्र पाजलं. मग लगीच सुरू झालं.”

“वाटीभर?” मी न राहवून विचारलं. एरवी चार थेंब शिंपडून भागतं.

“शंका नगं म्हनून,” आई म्हणाली.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. नऊ-दहा वर्षांच्या पोरीला आजारी पाडून हे लोक त्याच आजाराचा पुरावा गावभर फिरवत होते.

बाई वडिलांकडे वळल्या. “आपण कंपनीत पाणी कुठलं पिता?”

“कूलरचं.”

“आणि पेला?”

“एकच असतोय. साखळीला बांधलेला.”

“सुजाताचे वडील कुठल्या पेल्याने पितात?”

“त्याच.”

“आपलं पोट बिघडतं?”

“कंपनीचं येगळं हाय बाई. तितं समदंच चालतं. गावाचं गाव असतंय.”

“आपण दोघं एकाच रस्त्याने सायकलवर घरी येता. पोटातलं ते पाणी कुठल्या मैलावर बाटतं?”

त्यांनी सायकलीची घंटी उगाच एकदा वाजवली. मग बाईंकडे नीट निरखून बघत विचारलं, “बाई, तुमी कुनापैकी?”

“कशावरून ओळखाल?”

त्यांनी बाईंचं कपाळ बघितलं, हातातल्या बांगड्या बघितल्या, लुगड्याची निरी बघितली. काही सापडलं नाही. बाई तशाच उभ्या राहिल्या, सावकाश बघू दिलं त्यांना. मला बाईंचं घर, माहेर, आडनाव सगळं ठाऊक होतं. तुम्हालाही मघापासून तोच प्रश्न पडला असेल, तर मीही सांगणार नाही. तो का पडला, याचा तुम्हीच विचार करा.

बदली व्हायला फार दिवस लागले नाहीत. ऐन सत्रात, तळेगावच्या पुढे, मावळात डोंगरातल्या एका शाळेवर. कारण कुणी सांगितलं नाही. गावाने मात्र निरोप समारंभ झकास केला. ज्यांनी खटपट करून बदली करवली तेच पुढच्या खुर्च्यांवर होते. मुख्याध्यापक नारळ देताना म्हणाले, “बाई म्हणजे आमच्या शाळेचं भूषण होत्या.”

“कशावरून?” बाईंनी विचारलं.

पोरं खदखदा हसली. सुजाता तेवढी हसली नाही. तिने अजून रांजणाला हात लावला नव्हता. बाई निघाल्या तेव्हा त्या ओसरीवर थांबल्या, ओगराळ्याकडे बघितलं आणि पायऱ्या उतरून गेल्या.

शालन बरी होऊन शाळेत आली होती. तिला सुजाताच्या शेजारी बसायचं नाही अशी घरून ताकीद होती आणि ती मुकाट्याने पलीकडच्या बस्करावर बसायची. बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीची मधली सुट्टी. सुजाता पायरीखाली येऊन उभी राहिली, पण हात पाठीमागे.

“धर की वंजळ,” ओगराळं धरलेला गणपत म्हणाला.

“न्हाई धरनार.”

“का?”

“शालनला इचार.”

सगळी शालनकडे वळली. शालनने गणपतच्या हातातून ओगराळं हिसकावलं, रांजणात बुडवलं, त्यालाच तोंड लावून घटाघटा पाणी प्यायलं आणि उष्टं ओगराळं तसंच सुजातासमोर धरलं. सुजाता पायऱ्या चढून वर आली. तिने ते घेतलं, रांजणात बुडवलं आणि ती प्यायली. सावकाश, थेंब न सांडता. मी दुसरीच्या वर्गाच्या दारातून बघत होते. बाईंनी हे बघायला हवं होतं, आणि त्यांना बघू दिलं नाही.

मुख्याध्यापकांनी रांजण ओतून, घासून पुन्हा भरून घेतला. दुसऱ्या दिवशी दोघींनी तेच केलं. पुन्हा रांजण ओतला. मला म्हणाले, “बाई, तुम्ही पोरींना समजवा.” मी म्हटलं, “तुम्हीच समजवा, आणि कशावरून ते सांगायची तयारी ठेवा.” असं आठवडाभर चाललं. शेवटी विहिरीवरून पाणी भरणाऱ्या म्हातारीने घागर ओसरीवर आदळली. “गुर्जी, रोज वतायचं आन रोज भरायचं, माझं कंबारडं मोडलं. ज्याला बाटायचं त्यो बाटू द्या.” त्यानंतर रांजण ओतला गेला नाही. दुसऱ्या कुठल्याही कारणाने त्या गावाला जाग आली नव्हती, एका म्हातारीची कंबर तेवढी कामी आली.

पुढे काही वर्षांनी तळेगावच्या स्टेशनावर बाई भेटल्या. केस पांढरे झालेले, छत्री तीच. पुण्याच्या लोकलची वाट बघत बाकावर बसल्या होत्या. मी धावतच गेले आणि सगळं एका दमात सांगितलं. रांजण, ओगराळं, म्हातारी. “आता त्या शाळेत सगळी मुलं एकाच पेल्याने पितात बाई. जिंकलात तुम्ही.”

छत्रीची मूठ माझ्या नाकावर आली.

“कशावरून?”

“मी रोज बघते ना.”

“शाळेत बघता. शाळेचंही कंपनीसारखंच झालं असेल. तिथं समदंच चालतं.” मग अगदी मऊ आवाजात त्यांनी विचारलं, “सुजाता शालनच्या घरी पाणी पिते का हो? आपल्याला माहीत असेल.”

इतकी वर्षं मला ‘अगं’ म्हणणाऱ्या बाई मला ‘आपण’ म्हणाल्या. मी म्हटलं, विचारून कळवते. लोकल आली, त्या चढल्या आणि आत जागा आहे का ते बघायला पुढे गेल्या.

त्या आठवड्यातच मी सुजाताला गाठलं. ती तेव्हा हायस्कुलात जायची. दोघींची मैत्री टिकली होती, अभ्यासही एकत्र चालायचा. मी सरळच विचारलं.

“जाते की शालनकडं. तासन् तास बसतो आमी,” ती म्हणाली. “तहान लागली की उठून घरी येते.”

मला हे बाईंना सांगायचं होतं. महिनाभराने डोंगरातल्या त्या शाळेपर्यंत मी गेलेही. बाई पंधरवड्यापूर्वीच वारल्या, असं तिथल्या मुलांनी सांगितलं. मी इतक्या लांबून चढून आलेली बघून त्यातल्या एका मुलीने मला विचारलं, “बाई, पानी देऊ?” आणि मी काही बोलायच्या आत ती आत पळाली.